घर कोणत्या वेळी तापते?

एप्रिल लागला की परभणीचा पारा रोज बातमीत येतो. आज ४१, उद्या ४२, मे महिन्यात कधी ४४. हे तापमान नेमके कुठे मोजतात, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर एक लाकडी पेटी उभी असते. तिला पांढरा रंग दिलेला असतो, चारही बाजूंना तिरक्या फळ्यांच्या झडपा असतात आणि वर दुहेरी छत असते. ऊन आत येऊ नये, वारा मात्र आरपार जावा, अशी ही रचना. स्टीव्हन्सन पेटी या नावाने ती जगभर ओळखली जाते. परभणीचे ४३ अंश म्हणजे या पेटीतल्या सावलीतल्या हवेचे तापमान.

त्याच दुपारी जिंतूर तालुक्यातल्या येलदरीत पत्र्याच्या एखाद्या खोलीत काय चालले असते? थेट उन्हात पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो. छत बुटके असते, म्हणजे हा तापलेला पत्रा उभ्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असतो. हवा तापतेच, शिवाय पत्रा स्वतः आतल्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. पूर्णा नदीवरचे एवढे मोठे जलाशय गावाला लागून असले तरी त्याने ही खोली निवत नाही. तिथे राहणाऱ्याच्या अंगाला लागणारा उन्हाळा बातमीतल्या आकड्यापेक्षा वेगळा असतो.

उष्णतेची लाट आली की प्रशासनाच्या सूचना येतात. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, ही त्यातली पहिली. सूचना बरोबर आहे. शेतात, रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर दुपारी राबणे जिवावर बेतते. मात्र बाहेरपेक्षा घर थंड असते, हे या सूचनेत गृहीत धरलेले आहे. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांबाबत ते आता खरे राहिलेले नाही.

तीन छपरे, तीन वेळा

येलदरी-जिंतूर भागात, मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणेच, तीन तऱ्हेची घरे शेजारी शेजारी दिसतात. गावठाणात उरलेली माळवदाची जुनी घरे, त्यांच्या अवतीभवती आणि वस्त्या-तांड्यांवर पत्र्याची घरे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेली स्लॅबची घरे. तिन्ही घरे तापतात. फरक आहे तो कोणते घर कोणत्या वेळी तापते याचा.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. ऊन चढले की काही मिनिटांत तो तापतो आणि सूर्य मावळला की तासाभरात निवतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात सगळ्यात वाईट वेळ दुपारी बारा ते चार. रात्री हे घर बरेच सुसह्य होते. थंडीत मात्र तेच घर गारठते. परभणीत डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो, हे विसरता येत नाही.

चार-पाच इंच जाडीच्या सिमेंटच्या स्लॅबचे गणित निराळे. वरच्या बाजूला शोषलेली उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. दुपारी पत्र्याच्या तुलनेत खोली बरी वाटते, पण संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास छताची आतली बाजू तापायला लागते आणि मध्यरात्रीनंतरही ती उष्णता सोडत राहते. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवा फिरवत असतो, हा अनुभव स्लॅबच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. स्लॅबच्या घराची वाईट वेळ म्हणजे झोपेची वेळ.

माळवदाच्या घरात दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती असतात. वर लाकडी तुळया, त्यांवर किलच्या आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. काळी माती सुकली की भेगाळते, म्हणून छताला पांढरीच हवी. एवढ्या जाडीतून उष्णता आत पोहोचायला आठ-दहा तास आणि कधी त्याहून अधिक लागतात. भर दुपारी लादनी गार असते. रात्री ती उबदार होते, पण उन्हाळ्यात रात्री आत झोपतो कोण? घरातली माणसे माळवदावर नाहीतर अंगणात बाज टाकत. थंडीत तीच ऊब उपयोगी पडे. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या मुलखाला साजेसे हे घर होते. कोकणात हेच घर निरुपयोगी ठरले असते. तिथे हवा दमट, रात्र फारशी थंड होत नाही आणि पाऊस धो धो, म्हणून उतरते कौलारू छप्पर आणि वारा खेळेल अशी पडवी. दोन्हीकडच्या गवंड्यांनी हवामान ओळखूनच घर बांधले होते.

माळवदाचे घर उष्णता बाहेर टाके ती वेळ आणि माणसे आत नसत ती वेळ एकच होती, ही या रचनेतली खरी हुशारी. स्लॅबच्या घरात हा मेळ मोडला. पत्र्याच्या घरात तो दुसऱ्या टोकाला मोडला. दुपारी बाहेर जाऊ न शकणारी माणसेच तेव्हा आत असतात.

शरीराचा हिशेब

माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास आणि त्वचेचे ३३ ते ३५ अंश असते. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येणे आणि तो वाळणे. त्यासाठी त्वचेकडे रक्तपुरवठा वाढवावा लागतो, हृदयाला जास्त काम पडते आणि अंगातले पाणी व क्षार खर्ची पडतात. तरुण, धडधाकट माणूस काही तास हे सोसतो. त्यानंतर त्याला सोसण्याइतकीच गरज असते विसाव्याची. रात्री शरीराचे तापमान थोडे खाली उतरते, हृदयाचे ठोके मंदावतात, गाढ झोप लागते आणि दिवसाची झीज भरून निघते. दिवसभर कापसाच्या किंवा हळदीच्या शेतात राबलेला मजूर रात्री तापलेल्या स्लॅबखाली तळमळत राहिला, तर दुसऱ्या दिवशी तो कामावर अर्ध्या ताकदीने जातो आणि त्याच उन्हात लवकर कोसळतो. हवामान खात्याने ‘उष्ण रात्र’ हा वेगळा इशारा ठेवला आहे तो यासाठीच. दिवसाचे तापमान ४० किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर राहिले की हा इशारा लागू होतो. तोही त्या पांढऱ्या पेटीतलाच.

पत्र्याखाली दुपारी कोण असते? बाळंतीण आणि तिचे बाळ, म्हातारी माणसे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मानसिक आजाराचे रुग्ण. वाढत्या वयात घाम कमी येतो आणि तहान लागल्याचेही नीट कळत नाही. रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातले पाणी आणखी कमी होते. हृदयाची गती कमी ठेवणारी काही औषधे शरीराला उष्णतेशी जुळवून घेऊ देत नाहीत. मानसिक आजारावरची काही औषधे घाम रोखतात. ही औषधे परस्पर बंद करू नयेत, तसे करणे अधिक घातक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मात्र डॉक्टरांना विचारून त्यांच्या मात्रा तपासून घ्याव्यात.

बाळंतिणीच्या खोलीचा विषय तर स्वतंत्र आहे. दारे-खिडक्या बंद, कानाला घट्ट बांधलेले फडके, बाळ दुपट्यात गुंडाळलेले, बाजेखाली शेगडी, वर धुरी. माळवदाच्या थंड लादनीत आणि थंडीच्या दिवसांत या रिवाजाला काही अर्थ होता. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी दोन वाजता तोच रिवाज पाळला तर नवजात बाळ तापाने फणफणते, दूध ओढत नाही, लघवी कमी होते, मलूल पडते. रक्तातले सोडियम वाढून झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. घर बदलले आणि रिवाज तोच राहिला, त्याचा हा परिणाम. अशा बाळाला सुती झबले पुरते. शेगडी नको, खिडकी उघडी हवी आणि सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी न देता वारंवार अंगावर पाजणे हाच उपाय. पाणी प्यायचे ते आईने.

उष्माघाताचे दोन प्रकार वैद्यकशास्त्र सांगते. एक श्रमाचा, उन्हात राबणाऱ्या तरुणाला होणारा. दुसरा न राबता, घरात बसल्या जागी होणारा. पहिला लोकांना ओळखता येतो. दुसरा हळूहळू, दोन-तीन दिवसांत येतो. आजी सकाळपासून असंबद्ध बोलतात, दुपारी झोपेतून उठत नाहीत, अंग तापलेले असते. साधा ताप समजून गोळी दिली जाते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि शुद्धीत बदल, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की तो उष्माघात समजावा. तापाची गोळी इथे काम करत नाही. अंगावर पाणी टाकून वारा घालणे लगेच सुरू करावे आणि १०८ ला फोन करावा.

आकडे सांगतात ते

घरात उष्णतेने माणसे दगावतात, हे आता जगभर नोंदले गेले आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ६१९ मृत्यू झाले. तिथल्या मृत्युतपासणी यंत्रणेने प्रत्येक मृत्यूची चौकशी केली, तेव्हा त्यातले ९८ टक्के मृत्यू घराच्या किंवा इमारतीच्या आत झाल्याचे दिसले. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. १९९५ मध्ये शिकागोत ७०० हून अधिक माणसे गेली, त्यांतही एकटे राहणारे वृद्ध आणि वरच्या मजल्यांवरचे रहिवासी जास्त होते.

आपल्याकडचे उदाहरण अहमदाबादचे. मे २०१० मध्ये त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा आखला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. त्याच काळातला एक छोटा बदल डॉक्टरांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. तिथल्या एका महापालिका रुग्णालयात प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापत्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला. पुढच्या काळात उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या नवजात बाळांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या डॉक्टरांच्या अभ्यासात दिसले. औषध तेच होते. बाळाच्या डोक्यावरचे छत तेवढे बदलले.

मराठवाड्यात उष्णतेने घरात झालेला मृत्यू बहुतेकदा ‘हृदयविकार’ किंवा ‘वृद्धापकाळ’ म्हणून नोंदला जातो. शेतात कोसळलेल्या माणसाची बातमी होते, पंचनामा होतो. पत्र्याखाली बाजेवर गेलेल्या आजीची नोंद उष्माघातात होत नाही. त्यामुळे घरातल्या उष्णतेचा प्रश्न सरकारी कागदावर दिसत नाही.

माळवद का गेले

‘जुने ते सोने’ असे म्हणून हा विषय संपत नाही. माळवद सोडण्याची मोठी कारणे लोकांकडे होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या जाड भिंती आणि मातीचे छत उन्हापासून वाचवत, त्यांनीच माणसांना गाडले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, चिखलाचा सांधा कच्चा होता आणि दर पावसाळ्यापूर्वी मातीचा थर चढवत गेल्याने छताचे वजन वाढत गेले होते. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि दगड-मातीच्या उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणाचे कामही झाले. तरी गावोगाव मनात बसले ते एकच, माळवद म्हणजे मरण.

दुसरी कारणेही होती. सागवानाच्या तुळया परवडेनात. माती चढवायला, पावसाळ्याआधी छत चोपायला माणूस मिळेना. भिंतींच्या सांदीत विंचू-साप राहत, लादनीत उजेड कमी, चुलीचा धूर कोंडे आणि घरात क्षयरोगी असेल तर बंद खोलीतली हवा सगळ्यांनाच बाधे. पत्रा स्वस्त, एका दिवसात चढतो, गळत नाही. स्लॅब म्हणजे पक्के घर, सोयरिकीच्या बोलण्यातही त्याला वजन. लोकांनी सुरक्षितता आणि प्रतिष्ठा निवडली, त्यात त्यांची चूक नव्हती. गावठाणातल्या जुन्या घरात आजही पावसाळ्यात भिंत पडून माणसे दगावतात.

भूकंपाचा प्रश्न परभणी-हिंगोली पट्ट्यात जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले सुमारे साडेचार तीव्रतेचे धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. मार्चमधल्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने एक साधे आवाहन केले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. पत्र्याचे घर हलके म्हणून सुरक्षित, ही समजूतही अपुरी आहे, हे त्यातून दिसते.

म्हणजे या भागाला हवे असलेले छत जड नको, भूकंपात कोसळणारे नको, आणि तरीही दुपार व रात्र या दोन्ही वेळा सांभाळणारे हवे. हा प्रश्न अवघड असला तरी त्याची उत्तरे आहेत.

घरकुलाची वेळ

हा विषय आत्ताच बोलण्याचे कारण म्हणजे सध्या सुरू असलेली बांधकामे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे आणि देशभरात आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या कार्यक्रमात २० लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीपत्रांचे वाटप झाले. एवढी घरे एकाच वेळी बांधली जाण्याचा प्रसंग पुन्हा लवकर येणार नाही.

सपाट भागात केंद्राच्या योजनेतून मूळ १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार, असा हिशेब आहे. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदाराला द्यायचे नसते. पक्के घर कशाला म्हणावे, याची व्याख्याही योजनेच्या नियमांत आहे. नेहमीचा वापर आणि हवामानासह सगळ्या नैसर्गिक शक्तींना किमान ३० वर्षे तोंड देईल ते पक्के घर. या व्याख्येत घर हवामानाला तोंड देते. त्यात राहणारा माणूस ते कसे देईल, याबद्दल ती गप्प आहे.

शहरी इमारतींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घातली आहे. ती लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींना. येलदरीचे घरकुल तिच्या कक्षेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शनात थंडीसाठी घरातले किमान तापमान १८ अंश असे सांगितले, उन्हाळ्यासाठी असा वरचा आकडा दिला नाही. उष्ण देशांनी आपापला आकडा ठरवायचा आहे. तो भारताने ग्रामीण घरांसाठी ठरवलेला नाही.

तेलंगणाने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले. नव्या सरकारी आणि मोठ्या इमारतींना तसेच सरकारी योजनेतल्या घरांना ऊन परतवणारे छत सक्तीचे करणे, हा त्याचा गाभा आहे. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या राज्याने हे केले आहे. हवामान तेच, दगड तोच, माती तीच. महाराष्ट्राला नवे संशोधन करायची गरज नाही.

कमी खर्चात होण्यासारखे

घर आधीच बांधलेले असेल तर सुरुवात छतापासून करावी. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन-तीन हात, त्यात चिकटपणासाठी थोडे चिकटद्रव्य मिसळून दिले, तर पांढरे छत ऊन परतवते आणि खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. पावसात चुना धुऊन जातो आणि थंडीत खोलीला ऊन हवे असते, तेव्हा ते बरेच. दरवर्षी हात द्यावा लागतो, हा त्यातला खर्च. छतावर शेडनेट ताणून सावली केली तरी फरक पडतो, फक्त जाळी आणि स्लॅब यांत वारा जाईल एवढी फट हवी.

पत्र्याला पांढरा रंग द्यावा, आणि आतून बांबूची ताटी किंवा चटईचे छत करून पत्रा व ताटी यांत वीतभर पोकळी सोडावी. तापलेला पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी येणे महत्त्वाचे. थर्माकोल लावण्याचा मोह टाळावा. तो चटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चूल असलेल्या खोलीत तर नकोच. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकण्याची पद्धत अनेक गावांत आहे. ती उपयोगी आहे, पण ठिणगीपासून जपावे लागते. भिंतीच्या वरच्या भागात, छताजवळ दोन समोरासमोरच्या झरोक्यांतून गरम हवा निघून जाते. माळवदाचे सवणे हेच काम करी.

नवे घर बांधताना लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, म्हणजे पूर्व-पश्चिमेचे ऊन छोट्या भिंतींवर पडेल असे आखावे. पश्चिमेला खिडकी टाळावी, तिकडे लिंबाचे झाड लावावे किंवा सपरी काढावी. खिडक्या समोरासमोर असाव्यात. स्लॅब टाकताना खालच्या भागात, जिथे काँक्रीटचे फारसे काम नसते तिथे, कौले बसवून पोकळी ठेवण्याचे ‘फिलर स्लॅब’चे तंत्र देशात अनेक वर्षे वापरात आहे. त्यात सिमेंट कमी लागते, वजन कमी होते आणि उष्णता अडते. मात्र त्यासाठी अभियंत्याचा सल्ला आणि गवंड्याचे प्रशिक्षण हवे. भूकंपासाठी जोत्यावर, खिडकीच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे हवेतच, त्यात काटकसर नको.

कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण त्याला पाणी, वीज आणि उघडी खिडकी लागते. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली नाही, तर त्यात डेंग्यूचे डास होतात. पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की तो शरीर निववण्याऐवजी तापवतो, तेव्हा अंगावर ओले फडके घेऊन मगच पंख्याखाली बसावे. आणि उकाड्यामुळे अंगणात किंवा जमिनीवर झोपायची वेळ आली, तर बाज आणि मच्छरदाणी टाळू नये. मण्यार रात्रीच, झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याचे दुखत नाही आणि सकाळी पापण्या मिटायला लागतात. उकाडा, जमिनीवरची झोप आणि मण्यार यांची साखळी मराठवाड्यातल्या डॉक्टरांना परिचित आहे.

कोणी काय करावे

ग्रामपंचायत आणि पंचायत समितीने घरकुलाचा पहिला हप्ता देतानाच चार गोष्टी सांगाव्यात. घराची दिशा, समोरासमोर खिडक्या, छताजवळचे झरोके, आणि शेवटच्या हप्त्याआधी छताला पांढरा लेप. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आखणीच्या वेळी केल्या तर फारसा खर्च नाही, नंतर करायच्या तर भिंत फोडावी लागते. चौथ्या गोष्टीसाठी राज्याने स्वतंत्र अनुदान द्यावे.

आरोग्य खात्याकडे एक तयार साधन आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशा कार्यकर्ती सहा ते सात वेळा घरी जाते, बाळाचे वजन आणि तापमान घेते. मार्च ते जूनमध्ये तिच्या कागदावर दोन रकाने वाढवले तर पुरे. छत कशाचे आहे, आणि बाळ-बाळंतीण दुपारी कुठे असतात. पत्र्याचे घर असेल तर दुपारपुरती शेजारच्या थंड घरात, समाजमंदिरात किंवा झाडाखाली सोय लावता येते. रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्या वृद्धांनाही हेच दोन प्रश्न विचारता येतात. कृती आराखड्यात उष्माघात कक्ष, बर्फ, सलाईन यांची तयारी असते. पण ती माणूस रुग्णालयात पोहोचल्यानंतरची. त्याच्या घराच्या छताची चौकशी रुग्णपत्रिकेत आली, तर त्याला तिथवर यावेच लागणार नाही, अशी शक्यता निर्माण होते.

येत्या काही महिन्यांत जिंतूर, सेनगाव, औंढ्याच्या गावांतून हजारो घरकुलांचे पाये खोदले जातील. त्यातल्या प्रत्येक घरात पुढची ३० वर्षे कोणीतरी जन्मेल, कोणीतरी म्हातारे होईल, आणि तेवढेच उन्हाळे काढेल. पाया खोदण्याआधी, दोरी आखतानाच खिडकी कुठे आणि छत कसे, हे ठरवायला हवे. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.